राजापूरच्या माळ्यावरचा रिसीव्हर: प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. पुणे.

पेटी उघडली. किवीएसडीआर-२, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ रिसीव्हर, गावच्या घरी माळ्यावर बसवायला घेतलेला. एवढे दिवस वाट पाहिली आणि हातात आलं काय, तर पंजात मावेल असं खोकं. बटण नाही, काटा नाही, स्पीकरही नाही. अँटेनाचं सॉकेट, नेटवर्कचं सॉकेट, जीपीएसचं सॉकेट आणि पाच व्होल्टची जागा, संपलं. ऐकायचं असेल तर ब्राउझर उघडायचा.

आत मात्र मोठा कारभार आहे. १० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा एकाच वेळी १४ बिटांच्या एडीसीत (लहरींचे आकडे करणारी चिप) शिरतो. तो सेकंदाला ६ कोटी ६६ लाखांहून जास्त वेळा मोजमाप घेतो आणि त्यातून हवं ते स्टेशन वेगळं काढण्याचं काम पुढे गणित करतं. आपल्या जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये ट्यूनिंग कॉइल दारावरच उभी असायची, नको त्याला बाहेर ठेवायची. इथे सगळं गाव एकदम आत येतं. म्हणजे एखादा धिप्पाड पाहुणा घुसला तर बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा नाही. हे पुढे नडणार, असं आजच लिहून ठेवतो.

बाल्कनीत तीन मीटर वायर लोंबकळत सोडून पहिलं मोजमाप घेतलं. ७.१ मेगाहर्ट्झ, रुंदी २.४ किलोहर्ट्झ, रिकामी जागा: उणे ८४ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा जितका खाली तितकी शांतता). रेडिओवाल्यांच्या एस-मापात एस-९ म्हणजे उणे ७३, आणि एका एस-एककाला ६ डेसिबल. याचा अर्थ कुणी बोलत नसतानाही काटा एस-७ च्या पुढे. लिफ्ट, पार्किंगमधले दिवे, समोरच्या इमारतीतले दोनशे चार्जर. इथे काही ऐकू येणार नाही हे आधीच ठाऊक होतं, फक्त आकडा हवा होता.

२४ फेब्रुवारी, शनिवार. गावचं घर, राजापूर तालुका.

दादाने (चुलतभाऊ, घर तोच सांभाळतो) माळ्यावर एक फळी रिकामी करून ठेवली होती. फायबरचं खोकं खाली पडवीत, तिथून नेटवर्कची वायर वर. कौलांच्या आढ्यावर दोन मीटर पीव्हीसी पाइप, त्याच्या टोकाला मिनी-व्हिप. हा अँटेना म्हणजे काडेपेटीएवढा तांब्याचा पत्रा आणि त्याखाली एक बफर अॅम्प्लिफायर. काकू खाली उभी राहून म्हणाली, "एवढ्यासाठी पुण्याहून आलास? वर कावळासुद्धा बसायचा नाही त्याच्यावर."

संध्याकाळी मोजलं: उणे ८६. सव्वातीनशे किलोमीटर गाडी चालवून दोन डेसिबल कमावले.

२५ फेब्रुवारी, रविवार.

अंधाराची चाचणी. १२ व्होल्टची बॅटरी, लिनिअर रेग्युलेटर (हीटसिंक चहाच्या कपाइतका तापला), लॅपटॉप बॅटरीवर आणि थेट वायरने रिसीव्हरला जोडलेला. सकाळी साडेदहाला काकूच्या परवानगीने मेन स्विच पाडला, इन्व्हर्टरही बंद केला. वॉटरफॉल (स्क्रीनवर सरकत जाणारं सगळ्या पट्ट्याचं चित्र, सिग्नल असेल तिथे उजळ) बघता बघता काळाभोर झाला. उणे १०१.

म्हणजे पंधरा डेसिबल गोंगाट आमच्याच घराचा! मग एकेक एमसीबी वर करत गेलो. दादा खालून ओरडून सांगतोय, मी वर वहीत लिहितोय. पडवीतले दोन एलईडी बल्ब: चार डेसिबल. देवघरातली लुकलुकणारी माळ: तीन, आणि तीही फक्त लुकलुकताना. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर: टीव्ही बंद असला तरी दर ६० किलोहर्ट्झवर एक जाड पट्टा. सगळ्यांचा बाप निघाला इन्व्हर्टरचा चार्जर. तो सुरू झाला की बाकीचे मोजताच येत नाहीत.

बल्ब बदलू, माळेला फेराइटचा मणी (वायरीवरचा गोंगाट अडवणारा) लावू, पण इन्व्हर्टर? मे महिन्यात इथे वीज जाते तेव्हा काकूचा पंखा त्याच्यावर चालतो. तिथे माझा रिसीव्हर हरलेला बरा.

शिवाय चूक अँटेनाच्या निवडीत होती. मिनी-व्हिप विद्युत क्षेत्र पकडतो आणि त्याचं काम अर्धं होतं त्याच्या केबलच्या बाहेरच्या जाळीवर. ती जाळी घरातून वर जाते, म्हणजे घरातला सगळा कचरा मी स्वतःच शिडी लावून आढ्यावर चढवत होतो. बागेत हलवल्याशिवाय गत्यंतर नाही.

८ मार्च, शुक्रवार. महाशिवरात्र.

जोडून सुट्ट्या. या वेळी एक मीटर व्यासाचा लूप, म्हणजे कड्याच्या आकाराचा अँटेना: अॅल्युमिनियमची नळी, खाली अॅम्प्लिफायरची डबी, लाकडी वाशावर उभा. जागा हापूसच्या कलमांपलीकडे, घरापासून ६० मीटर. साध्या टीव्हीची आरजी-६ केबल ओढली. ३० मेगाहर्ट्झला दोनेक डेसिबल खाईल, खाऊ दे.

दुपारी अर्थिंग. खड्डा खणायला गेलो तर दीड फुटावर जांभा. पहार टणटण वाजते. दादा म्हणाला, विहिरीच्या काठी खण, तिथे माती आहे. तिथे चार फूट गेलो. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, वर दोन बादल्या पाणी. केबल घरात शिरते तिथे वीजरोधक गॅस ट्यूब बसवून ती या पट्टीला जोडली.

मोजमाप: उणे ९९. आणि घरातले दिवे चालू!

९ मार्च, शनिवार.

मोठ्या फेराइट कड्यावर केबलचे अकरा वेढे घेऊन चोक केला, म्हणजे जाळीवरून येणाऱ्या गोंगाटाला अडसर. एक लूपच्या बुंध्याशी, एक घरात शिरताना. आणखी चार डेसिबल गेले, उणे १०३. रिसीव्हरच्या नेटवर्क वायरीतूनही थोडं गळत होतं. सेटिंगमध्ये इथरनेटचा वेग १०० वरून १० मेगाबिटवर आणला आणि १४ मेगाहर्ट्झच्या आसपासचे दोन हट्टी पट्टे नाहीसे झाले. चार जण एकदम ऐकत असले तरी दहा पुरतात.

संध्याकाळी तो धिप्पाड पाहुणा आला. आकाशवाणी रत्नागिरी, ११४३ किलोहर्ट्झ. स्क्रीनवर लाल अक्षरांत एडीसी तुंबल्याची खूण लुकलुकायला लागली, आणि मी ऐकत होतो ७ मेगाहर्ट्झवर! तिथेही भुतासारखे नको ते आवाज. लूप वाशाभोवती फिरवून त्याची बहिरी बाजू रत्नागिरीकडे केली आणि आतला अॅटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारा भाग) ८ डेसिबलवर ठेवला. दिवा विझला. या दुसऱ्या आवृत्तीत अॅटेन्युएटर आतच आहे, नाहीतर ती डबीही मलाच करावी लागली असती.

१० मार्च, रविवार.

जीपीएसचा अँटेना कौलाच्या काचेखाली चिकटवला. पाच मिनिटांत आठ उपग्रह. आता एडीसीच्या घड्याळाची चूक रिसीव्हर स्वतःच दुरुस्त करत राहतो. रात्री नऊनंतर मॉस्कोचं आरडब्ल्यूएम हे कालसंकेत केंद्र ९९९६ किलोहर्ट्झवर नीट लागलं. फरक एका हर्ट्झच्या आत. जुन्या रिसीव्हरवर अर्धा तास तापल्यावर पन्नास हर्ट्झच्या आत आलो तरी मी पेढे वाटले असते.

पुण्याला निघण्यापूर्वी नोंदीची स्क्रिप्ट लावली. चार चॅनेल, दर दहा सेकंदांनी सिग्नलची पातळी: १९.८ किलोहर्ट्झ, ११४३ किलोहर्ट्झ, ७.१ मेगाहर्ट्झ, ९९९६ किलोहर्ट्झ. पहिला चॅनेल माझ्या हौसेचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समथचं एनडब्ल्यूसी हे नौदलाचं केंद्र, एक मेगावॅट, पाणबुड्यांसाठी. इथून सहा हजार किलोमीटरच्या पुढे, तरी दिवसरात्र भिंतीसारखं उभं. त्यातला संदेश आपल्याला कळायचा नाही आणि कळून घ्यायचाही नाही, फक्त त्याची उंची मोजायची.

२८ मार्च, गुरुवार. पुण्याहून.

दोन दिवस संपर्क नाही. दादाने फायबरच्या खोक्यामागची वायर झाडताना काढून ठेवली होती. लावली. विषय संपला.

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा.

रात्री डीआरएमचा, म्हणजे डिजिटल रेडिओ प्रसारणाचा प्रयत्न. चायना नॅशनल रेडिओचं लघुलहरींवरचं डिजिटल प्रसारण सापडलं. वॉटरफॉलवर ते स्टेशनसारखं दिसतच नाही. मधोमध वाहक लहरीची रेघ नाही, १० किलोहर्ट्झ रुंदीचा सपाट ठोकळा, जणू कुणी खरवडून काढलेला गोंगाट. डीकोडर लावला की आधी एफएसी हिरवा होतो (प्रसारण कुठल्या पद्धतीचं आहे ते सांगणारा लहानसा भाग), मग एसडीसी (प्रसारणाची बाकीची माहिती देणारा भाग), शेवटी आवाज. आणि आवाज येतो तेव्हा एकदम स्वच्छ. खरखर, कमीजास्त होणं, काही नाही. नऊ मिनिटं सलग ऐकलं. भाषा कळत नाही याचं वाईटही वाटलं नाही.

मग सिग्नल दोन डेसिबलने खाली गेला आणि एकदम शांतता. जुन्या एएमची गंमत अशी की ते मरता मरताही बोलत राहतं, क्रिकेटची कॉमेंटरी आपण खरखरीतूनच ऐकली आहे. डिजिटल असतं तेव्हा पूर्ण असतं, नसतं तेव्हा मुळीच नसतं. आकाशवाणीने मध्यम लहरींवर देशात डीआरएमचे ३५ ट्रान्समीटर बसवले, पण बाजारात जाऊन दुकानदाराला डीआरएमचा रेडिओ मागा. तो तुम्हाला ब्लूटूथचा स्पीकर दाखवेल.

२० एप्रिल, शनिवार. गावी.

आठवडाभर नोंदीत एक विचित्र गोष्ट दिसत होती. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, टिक... टिक... टिक. सव्वा सेकंदाला एक, अगदी घड्याळी. वॉटरफॉलवर वहीच्या रेघांसारख्या आडव्या रेघा, तळापासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत. पुण्यात बसून मी रडारपर्यंत पोचलो होतो. पण क्षितिजापारचं रडार ठरावीक पट्ट्यात असतं, ते सगळ्या पट्ट्यावर असं झाडू मारत नाही. हे काहीतरी जवळचं होतं.

दिवेलागणीला काकूचा ट्रान्झिस्टर घेऊन निघालो. मध्यम लहरींवर रिकामी जागा लावली आणि टिकटिक वाढेल तिकडे चालत गेलो. रेडिओ आडवा-उभा फिरवला की आवाज एका दिशेला बुडतो, ती दिशा धरायची. गडगा ओलांडला, व्हाळ ओलांडला, आणि शेजारच्यांच्या काजूच्या बागेपाशी रेडिओ भुंकायलाच लागला.

झटका मशीन. रानडुकरं आणि गव्यांसाठी कुंपणाला लावतात ते, सौर बॅटरीवरचं. दर सव्वा सेकंदाला तारेत काही हजार व्होल्टचा ठोका. तो तारेतच राहिला तर मला विशेष त्रास नाही. पण एका खांबावरचं प्लास्टिकचं इन्सुलेटर तडकलं होतं आणि तार करवंदीच्या जाळीला टेकली होती. अंधारात तिथे निळी ठिणगी दिसत होती, बारीक, प्रत्येक ठोक्याला. मार्कोनीचा ट्रान्समीटरच म्हणा ना!

शेजारचे काका आधी ऐकेनात. "टिकटिक करतंय म्हणजे मशीन चालू आहे. बंद करायचं नाही हां, परवाच डुकरांनी सुरण उकरलाय." मशीन बंद करा असं मी म्हणतच नव्हतो. ठिणगी जिथे पडते तिथे जोर गळतो, पुढच्या कुंपणाला झटका पोचतच नाही, एवढं सांगितल्यावर ते स्वतः कोयता घेऊन आले. सकाळी जाळी तोडली, इन्सुलेटर बदललं. त्यांचं कुंपण टोकापर्यंत जिवंत झालं आणि माझ्या रेघा गेल्या. वर काजूगर मिळाले.

७ मे, मंगळवार. मतदानाला आलो.

नाव अजून गावच्या यादीत आहे. सकाळी बोटाला शाई, दुपारी रिसीव्हर.

नवी खरखर. दुपारी दोन ते सहा जास्त, वारा सुटला की विशेष. ऑसिलोस्कोपवर १०० हर्ट्झचे झुपके, म्हणजे विजेच्या तारांचंच काम. पुन्हा ट्रान्झिस्टर घेऊन फिरलो. रस्त्याकडेच्या ११ केव्हीच्या लाइनवरचा तिसरा खांब. वायरमन वाटेत भेटले, त्यांना दाखवलं. ते वर बघून म्हणाले, "खाऱ्या वाऱ्याचा थर बसलाय पिन इन्सुलेटरवर. पाऊस पडला की धुऊन जाईल." मला तो टोलवाटोलवीचा प्रकार वाटला. तरी वहीत लिहून ठेवलं.

१० मे, शुक्रवार. अक्षय्य तृतीया. पुण्याहून.

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण यात मी गाढव ठरलो.

दुपारी साडेबाराच्या सुमारास सहज ब्राउझर उघडला. वॉटरफॉल काळा. ७ मेगाहर्ट्झवर रोज दुपारी गप्पा मारणारे हॅम (हौशी रेडिओवाले) गायब, ९ आणि ११ मेगाहर्ट्झवरची नेहमीची परदेशी केंद्रं गायब. नुसती केंद्रं नाहीत, मागचा गोंगाटसुद्धा उतरलेला. ७.१ वर उणे १०९, जो आकडा मी या जागी कधी पाहिलाच नव्हता. सिग्नल जातो तेव्हा गोंगाट उरतो. दोन्ही गेले म्हणजे लूपचा अॅम्प्लिफायर मेला, हे माझं निदान. दादाला फोन लावला.

"अरे, पानावर बसलोय. आमरस आहे."

"दादा, दोन मिनिटं. माळ्यावरचा काळा अडॅप्टर बंद करून चालू कर फक्त."

तो हात धुऊन वर चढला. बंद केला, चालू केला. काही फरक नाही. वायर हलवली. नाही. मी त्याला भर उन्हात बागेत लूपपर्यंत पाठवलं. डबीवरचा दिवा लागलेला होता. मग त्याने आपण होऊन आणखी एकदा अडॅप्टर काढून लावला, आणि हळूहळू, खरंच, आधी १५ मेगाहर्ट्झ, मग ११, मग ९ आणि शेवटी ७ उजळत आलं. दादा म्हणाला, "बघ, माझा हात लागला म्हणून."

दुपारी शांतपणे नोंदी काढल्या. ७.१ चा आलेख १२ वाजून वीस मिनिटांच्या आसपास कड्यावरून कोसळावा तसा खाली, मग तासाभराने वर. आणि त्याच मिनिटाला १९.८ किलोहर्ट्झ तीन डेसिबल वर! एकाच लूपमधून, एकाच केबलमधून. अॅम्प्लिफायर मेला असता तर ऑस्ट्रेलिया वाढलं कसं?

मग घड्याळ जुळवलं. १२:२४ ला सूर्यावर एक्स-३.९ दर्जाचा (एक्स म्हणजे सर्वांत तीव्र वर्ग) भडका, काळे डाग एआर १३६६४ या गटाचे. क्ष-किरण आठ मिनिटांत इथे, आपल्या डोक्यावर भर दुपार. आयनांबराचा (वातावरणाचा लहरी परतवणारा, विद्युतभारित वरचा भाग) सर्वांत खालचा डी थर एवढा घट्ट झाला की लघुलहरी त्यात शोषल्या गेल्या, दूरच्या विजांचा गोंगाटसुद्धा. खालच्या वारंवारितांना मार जास्त, म्हणून परत येतानाचा क्रमही वरून खाली. अतिदीर्घ लहरींचं मात्र उलट: त्या त्या थराच्या खालच्या अंगावरूनच परावर्तित होतात, तो घट्ट झाला की त्यांचा आरसा चकचकीत होतो.

दोन्ही चॅनेल पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी ठेवले होते, ते याचसाठी. आणि वेळ आली तेव्हा त्यातला एकही न बघता मी माणसाला पानावरून उठवलं. दादाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला त्याचीच थिअरी जास्त पटलेली दिसते.

११ मे, शनिवार.

काल रात्री साडेदहानंतर भूचुंबकीय वादळ सुरू झालं, पुढे ते जी-५ पर्यंत, म्हणजे मापनाच्या वरच्या टोकाला गेलं. लडाखच्या हानलेतून आकाशात तांबडा उजेड टिपला गेला. आमच्याकडे उजेड वगैरे काही नाही. सकाळी ६:५३ ला आणखी एक भडका, एक्स-५.८. तेव्हा इथे सूर्य जेमतेम वर आलेला, त्यामुळे ७.१ वरचा खड्डा कालच्यापेक्षा उथळ, भडका मोठा असूनही. दिवसभर मॉस्कोचं ९९९६ नोंदीत जवळजवळ नाहीच, रात्रीही नाही. उत्तरेकडची वाट बंद. दक्षिणेकडचं एनडब्ल्यूसी ठणठणीत.

या वेळी कुणालाही फोन केला नाही.

८ जून, शनिवार. गावी.

गुरुवारी मोसमी पाऊस रत्नागिरीत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. काल रात्री इथे धो धो. सकाळी मोजमाप: दुपारची १०० हर्ट्झची खरखर नाही. तिसरा खांब गप्प. वायरमन बरोबर होते. भेटल्यावर सांगितलं, तर ते म्हणाले, "मग, सांगितलं नव्हतं का?"

पण पावसाने दुसरी कामं काढली. लूपच्या डबीत मुंग्यांनी अंड्यांसकट संसार मांडला होता. केबल आत शिरते तिथलं भोक मी मोठं ठेवलं होतं, चूक माझी. डबी रिकामी केली, सर्किटला वार्निश, भोकाला रबर ग्रोमेट, सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप, खाली पाणी निघायला बारीकसं छिद्र आणि त्याला जाळी. आत सिलिका जेलची पुडी. या हवेत ती आठवडाभर टिकेल.

विजांचं काय करायचं हे दादाशी बोलून ठरवलं. गॅस ट्यूब आहे, अर्थिंग आहे, पण विजेशी पैज लावायची नाही. ढगांचा पहिला गडगडाट ऐकू आला की माळ्यावरची अँटेनाची पिन काढायची आणि खिडकीबाहेर टांगलेल्या काचेच्या बरणीत टाकायची. नोंदीत खंड पडला तर पडू दे. दादाने बरणी लोणच्याची दिली आहे, पिनेला आता कैरीचा वास येतो.

९ जून, रविवार.

निघण्यापूर्वी काकूने विचारलं, "एवढं चार महिने चाललंय, रत्नागिरी लागते का त्याच्यावर?"

तिच्यासाठी जुना फोन आणला होता. ११४३ लावून तिच्या हातात दिला. स्वच्छ आवाज. तिने कान देऊन ऐकलं, मग उठून कपाटावरचा ट्रान्झिस्टर सुरू केला. तेच गाणं, पण फोनमध्ये दीडेक सेकंद उशिरा. ट्रान्झिस्टर एक ओळ म्हणतो आणि फोन मागून तीच ओढतो, देवळातल्या आरतीला शेवटच्या रांगेतली माणसं ओढतात तशी.

"तुझा मागे पडतो," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

पुढच्या खेपेस आणायचं: सिलिका जेल अर्धा किलो, एक जादा गॅस ट्यूब, काकूच्या ट्रान्झिस्टरसाठी दोन सेल.